तांब्या उचलण्याचे शास्त्र

केसपेपरवर डॉक्टर घाईघाईने ‘ओटी’ अशी दोन अक्षरे लिहितात आणि पेशंटला पलीकडच्या इमारतीत पाठवतात. तो कागद घेऊन नातेवाईक आमच्या दाराशी येतात तेव्हा त्यांच्यातल्या एखाद्याचा चेहरा हमखास उतरलेला असतो, कारण मुंबईतल्या कुठल्याही रुग्णालयात ‘ओटी’ म्हणजे ऑपरेशन थिएटर. “मॅडम, ऑपरेशन करावंच लागेल का?” हा प्रश्न मी इतक्या वर्षांत किती वेळा ऐकला याची मोजदाद नाही. मग सांगावे लागते की इथे कोणी कापाकापी करत नाही, ही ऑक्युपेशनल थेरपी आहे, इथे तुमच्या वडिलांना एका हाताने सदऱ्याची बटणे लावायला शिकवतील. त्यावर आधी सुटकेचा निःश्वास येतो आणि पाठोपाठ थोडी निराशाही येते. एवढेच? बटणे? आणि त्यासाठी तुम्ही साडेचार वर्षे शिकलात?

मराठी नावाने हा गोंधळ कमी होत नाही. सरकारी पाट्यांवर ‘व्यवसायोपचार’ असे लिहिलेले असते. मराठीत व्यवसाय म्हणजे धंदा, नाहीतर पेशा. टपरीच्या कर्जाचा अर्ज इथेच भरायचा का, असे एका गृहस्थांनी मला अगदी मनापासून विचारले होते आणि त्यांची चूक होती असे मला आजही वाटत नाही. इंग्रजीतल्या ज्या शब्दाचे हे भाषांतर आहे त्याला दोन अर्थ आहेत. एक पोटापाण्याचा उद्योग, आणि दुसरा, माणूस ज्यात गुंतलेला असतो ते कोणतेही काम. हा उपचार दुसऱ्या अर्थावर उभा आहे आणि भाषांतर पहिल्याचे झाले. अंघोळ करणे, पोळी लाटणे, मुलाचा अभ्यास घेणे, पत्ते खेळणे, सात-चाळीसची लोकल पकडणे हे सगळे त्या दुसऱ्या अर्थात येते.

या पेशाच्या ओळखीचा प्रश्न अलीकडे पुन्हा चर्चेत आला आहे आणि त्या चर्चेचा जवळजवळ सगळा भर दारावरच्या पाटीवर आहे. नावाआधी ‘डॉ.’ लावायचे की नाही, फिजिओथेरपीपेक्षा आपण वेगळे कसे, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय पेशंट तपासता येईल का, असे प्रश्न त्यात असतात. त्यांपैकी एकही निरर्थक नाही. परंतु मला वाटते की आम्ही आमची ओळख चुकीच्या दारी शोधत आहोत. डॉक्टरकीच्या जितके जवळ सरकलो तितके, जे दुसरे कोणी करत नव्हते आणि आजही करत नाही, ते आमच्या हातून निसटत गेले. ते म्हणजे माणसाचे रोजचे काम, त्याच्या घरात, त्याच्या जागेत, त्याच्या घड्याळाप्रमाणे पुन्हा त्याच्या हाती देणे. हे म्हणणे इतिहासातून तपासता येते.

मार्च १९१७ मध्ये अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गावी सहा माणसे एका घरात जमली आणि त्यांनी ऑक्युपेशनल थेरपीच्या प्रसारासाठी एक राष्ट्रीय संस्था स्थापन केली. घर जॉर्ज बार्टन यांचे होते आणि त्याला त्यांनी ‘कन्सोलेशन हाउस’ असे नाव दिले होते. बार्टन आर्किटेक्ट होते. क्षयाने त्यांना पोखरले होते, एका पायाचा भाग कापावा लागला होता आणि त्यानंतर डावी बाजू लुळी पडली होती. सुतारकाम आणि बागकाम करत त्यांनी स्वतःला पुन्हा उभे केले आणि जे आपल्याला लागू पडले ते इतरांना का पडू नये, या विचाराने ते घर उघडले. त्यांच्याबरोबर एलेनोर क्लार्क स्लेगल या समाजकार्यकर्त्या होत्या, सुझन कॉक्स जॉन्सन या हस्तकलेच्या शिक्षिका होत्या, जखमी सैनिकांच्या व्यवसाय-प्रशिक्षणाचे काम पाहणारे कॅनडाचे टॉमस किडनर होते आणि बार्टन यांच्या सेक्रेटरी इझाबेल न्यूटन होत्या. सहावे विल्यम रश डन्टन हे मनोविकारतज्ज्ञ होते. सहा जणांत डॉक्टर एकच. सुझन ट्रेसी या परिचारिकेलाही निमंत्रण होते, पण त्या येऊ शकल्या नाहीत.

ही यादी मी मुद्दाम सविस्तर दिली. वैद्यकाची एखादी शाखा फुटून हा पेशा निर्माण झालेला नाही. तो एका रोग्याच्या अनुभवातून, कारागिरीच्या वर्गातून आणि शिकागोच्या ‘हल हाउस’सारख्या वस्तीतल्या समाजकेंद्रातून आलेला आहे. स्लेगल १९११ मध्ये त्याच केंद्रात शिकल्या आणि पुढे त्यांनी वर्षानुवर्षे मनोरुग्णालयात पडून राहिलेल्या माणसांचा दिवस नव्याने बांधायला घेतला. उठणे, तोंड धुणे, कपडे घालणे, थोडे काम, थोडा खेळ, ठरल्या वेळी झोप, असा तो दिवस होता. त्यांना बळ देणारे ॲडॉल्फ मायर हे मात्र मोठे मनोविकारतज्ज्ञ होते. त्यांनी १९२२ मध्ये या उपचारामागचे तत्त्वज्ञान मांडताना काम, खेळ, विश्रांती आणि झोप यांच्या लयीवर बोट ठेवले. माणूस आजारी पडतो तेव्हा त्याचा एखादा अवयव बिघडतोच, पण त्याबरोबर त्याचा दिवसही बिघडतो, हे त्यांचे म्हणणे आजही आमच्या क्षेत्रात कोणी याहून नेमके मांडलेले माझ्या वाचनात नाही.

मग युद्ध आले. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांसाठी स्त्रियांची पथके उभी राहिली आणि या कामाला प्रतिष्ठा मिळाली, परंतु ती लष्करी रुग्णालयाच्या छताखाली. १९३५ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने ऑक्युपेशनल थेरपीच्या शाळांचे निकष ठरवायला सुरुवात केली. मान्यता मिळाली, पण तिच्याबरोबर पालकही आले. दुसऱ्या महायुद्धानंतर तर सांध्याची हालचाल किती अंशांनी वाढली, स्नायूची ताकद किती आली, एवढेच मोजण्याकडे कल झुकला. टोपल्या विणणे बालिश ठरले आणि त्याबरोबर टोपली विणण्यामागचा विचारही अडगळीत गेला. मेरी रायली यांनी १९६१ मध्ये स्लेगल यांच्या नावे होणाऱ्या व्याख्यानात आपल्याच व्यवसायबंधूंना खडसावले. मन आणि इच्छाशक्ती यांनी चेतवलेल्या हातांच्या वापरातून माणूस स्वतःच्या आरोग्यावर परिणाम घडवू शकतो, ही विसाव्या शतकातल्या वैद्यकाची एक थोर कल्पना ठरू शकते, असे त्या म्हणाल्या. ‘ठरली’ असे त्या म्हणाल्या नाहीत.

या इतिहासाचा मुंबईशी संबंध फार लवकर आला. एलिझाबेथ लंडी या क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या अमेरिकन तरुणी १९३० मध्ये भारतात आल्या आणि विष्णू निंबकर यांच्याशी विवाह करून कमला निंबकर झाल्या. फलटणच्या ‘कमला निंबकर बालभवन’ या शाळेमुळे हे नाव पुष्कळ मराठी वाचकांच्या कानावर असते. १९५० मध्ये परळच्या के. ई. एम. रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीची भारतातली पहिली शाळा याच बाईंनी सुरू केली, हे मात्र त्यांतल्या फारच थोड्यांना ठाऊक असते. फिजिओथेरपीची शाळा तिथे त्यानंतर आली. १९५२ मध्ये अखिल भारतीय संघटना स्थापन झाली आणि कमलाबाई तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. त्याच वर्षी या पेशाचा जागतिक महासंघ स्थापन झाला तेव्हा त्याच्या दहा संस्थापक देशांत अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, स्वीडन, डेन्मार्क, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका आणि इस्राएल यांच्या पंक्तीला भारत होता. जपानमध्ये पहिली शाळा १९६३ मध्ये निघाली. नागपूरला ती त्याच्याही आधी निघालेली होती. म्हणजे उशिरा आलो म्हणून ओळख मिळाली नाही, ही सबब आम्हाला नाही. कारण दुसरीकडे शोधावे लागेल.

शाळेसाठी परळहून योग्य जागा मिळाली नसती. आजूबाजूला गिरण्या, गिरण्यांभोवती चाळी आणि चाळीत हातांवर पोट असलेली माणसे, असा तो परिसर होता. साच्यात बोटे सापडलेला कामगार रुग्णालयात येई तेव्हा त्याच्या बोटांवर एका अख्ख्या बिऱ्हाडाचा पगार अवलंबून असे. विद्यार्थीदशेत मी ज्या विभागात शिकले तिथे एक हातमाग होता, पायाने चालवायची सायकलसारखी करवत होती, उतरत्या फळीवर सँडपेपर घासायची सोय होती. मनगट, खांदा, गुडघा यांना हवी ती हालचाल त्या कामातून घडवून आणायची आणि हाताखालून काहीतरी उपयोगी वस्तूही बाहेर पडायची, अशी ती रचना होती. १९८२ चा संप होऊन गेलेला होता. बाहेर गिरण्यांचे साचे बंद पडत होते आणि आत आम्ही एका माणसाला मागावर बसवून त्याचा खांदा सोडवत होतो. या विसंगतीवर आमच्यापैकी कोणी बोलल्याचे मला आठवत नाही. आम्ही अंश मोजत होतो.

कामाने माणूस बरा होतो हा विचार महाराष्ट्रात रुजवणे अमेरिकेइतके सोपे नव्हते, हे मला फार उशिरा उमगले. तिथे हस्तकलेची चळवळ होती, सुशिक्षितांना सुतारकामाचे आकर्षण वाटत होते. आपल्याकडे सुतारकाम सुताराचे, वेतकाम बुरुडाचे, चामड्याचे काम चांभाराचे. बारा बलुतेदारांच्या या प्रदेशात काम माणसाने निवडायचे नसते, ते जन्माबरोबर अंगावर येते. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये लिहिले. त्या वाक्याच्या उजेडात आमचा विभाग पाहिला की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. निवृत्त हेडक्लार्कच्या हाती वेताची टोपली दिली की घरचे नाराज का होतात? गावाकडून आलेल्या एखाद्याला तेच काम दिले की त्याचा चेहरा का पडतो? पहिल्याला ते आपल्या पायरीखालचे वाटते. दुसऱ्याच्या बापजाद्यांनी त्यातून सुटण्यासाठीच मुंबई गाठलेली असते. काम आणि माणसाची किंमत यांची जिथे इतकी घट्ट सांगड आहे तिथे ‘कामाने उपचार’ ही पाटी घेऊन बसलेल्या पेशाला पांढऱ्या कोटाचा आधार घ्यावासा वाटला, यात आश्चर्य नाही. गांधीजींनी १९३७ मध्ये वर्ध्याला हस्तोद्योगातून शिक्षणाचा आग्रह धरला, त्या नई तालीमचेही मध्यमवर्गाने पुढे काय केले ते आपण जाणतो.

म्हणून आमच्या आधीच्या पिढ्यांना मी दोष देत नाही. शरीरशास्त्र आणि मज्जासंस्थेचा कसून अभ्यास, स्प्लिंट, म्हणजे दुखावलेला अवयव योग्य स्थितीत धरून ठेवणारा आधार, बनवण्याचे कसब, मोजमापाची शिस्त हे सगळे वैद्यकाच्या सहवासातूनच आले आणि त्यावाचून हे काम भाबडे झाले असते. तक्रार एवढीच आहे की आधारासाठी घेतलेली काठी आम्ही आपला पायच समजून बसलो.

याचे एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. पक्षाघातानंतर पेशंट किती स्वावलंबी झाला हे मोजायला जगभर जी मापपट्टी वापरतात ती १९६५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली. बार्थेल निर्देशांक असे तिचे नाव आहे. खाणे, अंघोळ, कपडे, शौच, जिने अशा दहा बाबी आणि एकूण १०० गुण. त्यातली पलंगावरून खुर्चीत बसण्याची बाब एकटी १५ गुणांची आहे. आता वरळी-नायगावच्या बीडीडी चाळीतली १६० चौरस फुटांची खोली डोळ्यांसमोर आणावी. पलंग असलाच तर एक, आणि त्यावर सासूबाई. बाकीचे जमिनीवर झोपणार. या घरात पेशंटला करायचे असते ते असे: अंथरुणावरून उठणे, भिंतीचा आधार घेत उभे राहणे, मोरीचा कट्टा ओलांडणे, आणि मजल्याच्या टोकाला असलेल्या सामाईक संडासापर्यंत ओल्या लादीवरून चालत जाऊन उकिडवे बसणे. जमिनीवरून उठण्याला त्या मापपट्टीत स्वतंत्र गुण नाही आणि उकिडवे बसण्यालाही नाही. १०० पैकी ८५ गुण मिळवून घरी गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी मोरीच्या कट्ट्याला अडखळून पडतो आणि कागदावर आमचे काम यशस्वी झालेले असते.

आता झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींत ३०० चौरस फुटांचे घर आणि आत संडास आला, बीडीडीच्या पुनर्विकासात ५०० चौरस फूट मिळू लागले. प्रश्न सुटले असे नाही, बदलले. लिफ्ट बंद पडली की बाराव्या मजल्यावरचा पेशंट दोन-दोन आठवडे खाली उतरत नाही, आणि चाळीत दारातून जाता-येता चौकशी करणारे शेजारीही आता बंद दारांआड असतात. मायर ज्याला दिवसाची लय म्हणत होते ती इथे वेगळ्या रीतीने मोडते. ती कोणत्या रीतीने मोडते हे ओळखणे हेच आमचे काम आहे, आणि रुग्णालयाच्या हॉलमध्ये बसून ते ओळखता येत नाही.

यावर माझे काही फिजिओथेरपिस्ट मित्र म्हणतात की मग यात शास्त्र ते काय? ही तर समजूतदार नातेवाइकानेही सांगण्यासारखी गोष्ट झाली. त्यांच्यासाठी तांब्याचेच उदाहरण घेते. मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आलेला, डावी बाजू अशक्त झालेला पन्नाशीचा माणूस पाटावर बसून बादलीतून तांब्याने पाणी घेऊन अंघोळ करू पाहतो. पुढे वाकताना धड डावीकडे कलते. अशा झटक्यानंतर काहींना डावीकडची वस्तू डोळे शाबूत असूनही जाणवत नाही, त्यामुळे डावीकडे ठेवलेली बादली त्याच्या जगात नसतेच. डाव्या हाताने तांब्या धरायचा तर मनगट मागे वळायला हवे, कारण मनगट खाली लोंबले की बोटांची पकड सुटते. भरलेला तांब्या उचलताना जेवढे वजन असते तेवढे ओतताना राहत नाही, ते क्षणाक्षणाला बदलते आणि खांद्याला तसतसा जोर कमी करावा लागतो. डोक्यावर पाणी घेताना साबणामुळे डोळे मिटलेले असतात, म्हणजे हात कुठे आहे हे न पाहता कळायला हवे. आणि मेंदूचा आखणी करणारा भाग दुखावला असेल तर तो कोरड्या अंगालाच साबण लावत बसतो. ताकद वाढवण्याचे व्यायाम यातल्या काही अडचणींवर इलाज आहेत, सगळ्यांवर नाहीत. बादली कोणत्या बाजूला ठेवायची हेही सरळ नाही. लक्ष डावीकडे वळवायचे शिकवायचे असेल तर डावीकडे, आज सकाळी न पडता अंघोळ उरकायची असेल तर उजवीकडे. तांब्याऐवजी रुंद कानाचा मग द्यायचा का, बादली स्टुलावर चढवायची का, पाटाऐवजी खुर्ची मोरीत मावेल का? हा निर्णय पेशंटचा मेंदू, त्याचा हात आणि त्याची मोरी या तिन्ही एकत्र पाहिल्यावरच घेता येतो. समजूतदार नातेवाईक मोरी पाहतो, न्यूरॉलॉजिस्ट मेंदू पाहतो, फिजिओथेरपिस्ट हात-पाय उत्तम पाहतात. तिन्ही एकत्र पाहण्याची जबाबदारी ज्याची असेल त्याला वेगळे नाव हवे आणि वेगळे शिक्षणही हवे.

आणखी एक अडचण जिव्हाळ्यातून येते. “आम्ही आहोत ना सगळं करायला, त्यांनी कशाला त्रास घ्यायचा?” हे वाक्य मराठी घरात प्रेमाने उच्चारले जाते आणि त्यातले प्रेम खरे असते. वडिलांना घास भरवणे ही सेवा, त्यांना थरथरत्या हाताने वरणभात सांडत खाऊ देणे हा निष्ठुरपणा, अशी आपली धारणा. पण या शहरात हे ‘आम्ही’ म्हणजे बहुधा घरातली सून असते. ती सकाळी विरारहून किंवा कल्याणहून गाडी पकडते आणि रात्री आठनंतर परतते. सासऱ्यांना स्वतःच्या हाताने जेवता आणि संडासला जाता येईल की नाही, यावर तिची नोकरी टिकते किंवा जाते. म्हणून या उपचाराचे फळ मोजायचे असेल तर पेशंटच्या बोटांबरोबर त्या सुनेच्या हजेरीपटाकडेही पाहावे लागेल. असे कोणी मोजत नाही.

आता कायद्याकडे वळू. महाराष्ट्राने २००२ च्या कायद्याने ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी यांची संयुक्त परिषद स्थापन केली, आणि तोवर देशातल्या बहुसंख्य राज्यांत तेवढेही नव्हते. २०२१ मध्ये संसदेने संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात व्यवसायांचे दहा गट आहेत आणि ऑक्युपेशनल थेरपीला स्वतःचा गट मिळाला आहे. राज्यांनी परिषदा वेळेत स्थापन केल्या नाहीत, म्हणून २०२४ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाला दोन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली. हे सारे स्वागतार्ह आहे. पण कागदावरची ओळख किती तकलादू असते हे पाहायचे असेल तर आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे २००८ चे व्यवसाय-वर्गीकरण उघडावे. त्यात फिजिओथेरपिस्टना स्वतःचा सांकेतिक क्रमांक आहे. ऑक्युपेशनल थेरपिस्ट २२६९ या क्रमांकात आहेत आणि त्या खान्याचे नाव ‘अन्यत्र वर्गीकृत न केलेले आरोग्य व्यावसायिक’ असे आहे. आमच्या अवस्थेचे याहून चपखल वर्णन मला सुचले नसते.

त्याहून अधिक बोचते ते २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातले. मानसिक आरोग्य व्यावसायिक कोण, हे तो कायदा ठरवतो. त्यात मनोविकारतज्ज्ञ आहेत, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहेत, मनोविकाराच्या क्षेत्रातल्या परिचारिका आणि समाजकार्यकर्ते आहेत, आयुर्वेद-होमिओपॅथी वगैरे शाखांतले मनोविकाराचे पदव्युत्तर पदवीधर आहेत. ऑक्युपेशनल थेरपिस्ट नाहीत. ज्या पेशाची मुळे मनोरुग्णालयांत आहेत, स्लेगल यांनी ज्याचा पाया मनोरुग्णांच्या दिनक्रमात घातला, तोच त्या यादीत नाही. ठाण्याच्या मनोरुग्णालयासारख्या १९०१ पासूनच्या संस्था आपल्याकडे आहेत, तिथे बरी होऊनही घरी जाऊ न शकणारी माणसे असतात, आणि अशा माणसाला पुन्हा स्वतःचे पैसे मोजता येणे, चहा करता येणे, एकट्याने बसने जाता येणे हे औषधाइतकेच महत्त्वाचे असते. या वगळण्याविरुद्ध आमच्या व्यवसायाचा आवाज मी जेवढा ऐकला त्याच्या कितीतरी पट आवाज ‘डॉ.’ या उपाधीसाठी ऐकला.

ती उपाधी २०२५ च्या सप्टेंबरमध्ये बातम्यांत होती. फिजिओथेरपिस्टनी ‘डॉ.’ लावू नये असे पत्र केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने काढले आणि लगेचच मागेही घेतले. आमच्या क्षेत्रातही त्यावर बरेच तापलेले संदेश फिरले. उपाधी मागणाऱ्यांची बाजू मला कळते. पेशंटला ‘सिस्टर’ आणि ‘डॉक्टर’ हे दोनच शब्द माहीत असतात, तिसऱ्याचे तो ऐकत नाही. आमच्यात स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत आणि उपाधी नसलेल्या बाईचा सल्ला या समाजात किती सहज टाळला जातो हे मी भोगले आहे. एका रुग्णालयात राउंडच्या वेळी मी पेशंटच्या घरातल्या संडासाबद्दल बोलत होते तेव्हा एका वरिष्ठांनी “हे सगळं नंतर” म्हणून मला थांबवले. ते ‘नंतर’ कधी आले नाही, आणि पेशंट पंधरा दिवसांत मांडीचे हाड मोडून परत आला. माझ्या नावाआधी दोन अक्षरे असती तर त्यांनी ऐकले असते का? कदाचित. पण मग मी बहुधा संडासाबद्दल बोललेच नसते. उपाधीबरोबर उपाधीला शोभणारे विषयही येतात.

बाजारानेही आमची एक ओळख परस्पर ठरवून टाकली आहे. उपनगरांत ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे स्वमग्न किंवा चंचल मुलांसाठी झोके, चेंडू आणि रंगीत गाद्या असलेली खोली, असे समीकरण झाले आहे. जीन एअर्स या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाईंनी संवेदनांच्या मेळाविषयी, म्हणजे स्पर्श, तोल, हालचाल अशा संवेदना मेंदू एकत्र कशा जुळवतो याविषयी, जी मांडणी केली तिचा हा मुंबईतला वंशविस्तार. त्यात चांगले काम करणारे माझे अनेक विद्यार्थी आहेत. मात्र पंचेचाळीस मिनिटांच्या सेशनचे पैसे ज्यांना परवडत नाहीत त्या मुलांसाठी ही खोली नसते, आणि ज्या शाळेत मूल दिवसाचे सहा तास बसते तिथल्या बाकाची उंची, पेन्सिलीची पकड, मधल्या सुटीतला कोलाहल यांकडे पाहायला शाळेत कोणीच नसते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले, स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता त्यात आल्या. पालिकेच्या शाळांचा एक समूह धरून त्यासाठी एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट नेमला तर बाक, पेन्सिल आणि सुटी हे प्रश्न शाळेतच सुटू शकतात.

मागणी करायची तर मी ती पाटीची न करता पदांची करेन, आणि पदेही रुग्णालयाच्या भिंतीबाहेरची. प्रत्येक प्रशासकीय वॉर्डात घरी जाऊन काम करणारा ऑक्युपेशनल थेरपिस्ट असावा, ‘आपला दवाखाना’च्या जाळ्याला तो जोडलेला असावा, आणि पक्षाघाताचा, मणक्याच्या दुखापतीचा किंवा रेल्वे अपघातात पाय गमावलेला पेशंट घरी जाण्याआधी त्याने ते घर एकदा पाहिलेले असावे. यावर खर्चाचा आक्षेप येईल. पडून मोडलेल्या हाडाची शस्त्रक्रिया, त्यानंतरचे खाटेवरचे दिवस आणि घरातल्या एकीने सोडलेली नोकरी यांची बेरीज आक्षेप घेणाऱ्यांनी आधी मांडावी. दुसरा आक्षेप आमच्याच लोकांकडून येईल की इतक्या शिकलेल्या माणसाने चाळीचे जिने चढत फिरायचे का. आरोग्यसेविका चढतात. आमच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनाही चढता येतील.

तोवर एक गोष्ट उद्यापासून करता येण्यासारखी आहे आणि तिला कायदा लागत नाही, पदही लागत नाही. डिस्चार्ज कार्डावर निदान, औषधे आणि पुढच्या भेटीची तारीख यांच्याखाली बरीच कोरी जागा उरते. तिथे चार गोष्टी लिहाव्यात: पेशंट जमिनीवर झोपतो की पलंगावर, संडास किती पावलांवर आहे, पाणी किती वाजता येते आणि त्या वेळी घरात कोण असते. मी माझ्या विद्यार्थ्यांकडून हे लिहून घेते. गेल्या महिन्यात एका निवासी डॉक्टरने ते वाचून मला फोन केला आणि विचारले की पाणी पहाटे साडेचारला येत असेल तर रात्रीची झोपेची गोळी बदलायला हवी का.